‘आधी वजन, मग औषध’ हा सल्ला बाळाच्या जिवावर बेतू शकतो

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका पाड्यावर (तालुक्याचे नाव मुद्दाम देत नाही) अंगणवाडी सेविका असलेल्या माझ्या वहिनीने गेल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर फिरणारा एक संदेश मला पाठवला आणि विचारले, “भाऊ, यात खरे किती? इथल्या एका आईने हे वाचून बाळाचे औषध थांबवले आहे.” संदेश असा आहे: “एचआयव्ही असलेले मूल फार अशक्त असेल तर त्याला एआरटीची औषधे झेपत नाहीत, आधी सहा महिने वजन वाढवा. दवाखान्यातले पातळ दूध म्हणजे उपासमार. या मुलांना दुप्पट आहार लागतो, म्हणून पहिल्या दिवसापासून भरपूर तूप, केळी, शेंगदाण्याचे लाडू आणि लोहाचे टॉनिक द्या. औषधांनी साखर वाढते, हातपायांची चरबी झडते. मूल भरलेले दिसू लागले की गुण आला समजा. अशा मुलांची नावे खालील क्रमांकावर कळवा, शक्तिवर्धक चूर्ण मोफत मिळेल.” (एआरटी म्हणजे एचआयव्हीला आटोक्यात ठेवणारा औषधोपचार.)

पोषण पुनर्वसन केंद्रात मी काम केले आहे, आणि या संदेशातला भरपूर खाऊ घालण्याचा सल्ला मला सर्वांत भयंकर वाटतो, कारण तो मायेचा वाटतो. तीव्र कुपोषित मूल म्हणजे उंचीच्या मानाने वजन अतिशय कमी असलेले, किंवा सहा महिने ते पाच वर्षे या वयात दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरणारे, किंवा दोन्ही पावलांवर दाबल्यावर खड्डा पडेल अशी सूज असलेले मूल. अशा मुलाचे शरीर जगण्यासाठी आपला सारा कारभार आखडता घेते. यकृतातला साखरेचा साठा संपलेला असतो, स्नायू झिजवून ऊर्जा काढली जात असते, हृदय दुबळे झालेले असते, मूत्रपिंडांना जादा मीठ बाहेर टाकता येत नाही, आणि पेशींमधले पोटॅशियम, मॅग्नेशियम व फॉस्फरस रिते झालेले असतात, जरी रक्ताच्या तपासणीत त्यांचे आकडे कधीकधी ठीक दिसले तरी. या अवस्थेत एकदम गोड, पिठूळ आणि स्निग्ध अन्नाचा मारा केला की इन्सुलिन उसळते, रक्तातला उरलासुरला फॉस्फरस आणि पोटॅशियम पेशींमध्ये ओढला जातो, आणि हृदयाचे ठोके बिघडणे, श्वास लागणे, झटके येणे असे होऊन मूल दगावू शकते. तुपाचे पचनही धड होत नाही, त्यामुळे जुलाब वाढतात. आणि एचआयव्हीबाधित मुलाच्या आतड्याचे अस्तर आधीच विषाणूने व वारंवार होणाऱ्या संसर्गाने झिजलेले असते.

म्हणून पहिल्या काही दिवसांत वजन वाढवणे हे उद्दिष्टच नसते. रक्तातली साखर दर डेसिलिटरला ५४ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ न देणे, अंग गार पडू न देणे, क्षार भरून काढणे आणि संसर्गावर प्रतिजैविक देणे ही तेव्हाची कामे आहेत. ज्याला संदेशात पातळ दूध म्हणून हिणवले आहे त्या एफ-७५ या प्रारंभिक दुधात १०० मिलिलिटरमागे ७५ किलोकॅलरी आणि जेमतेम ०.९ ग्रॅम प्रथिने असतात, आणि हे प्रमाण दुबळ्या यकृताला व हृदयाला पेलावे म्हणूनच ठरवलेले आहे. सूज फार नसेल तर ते दिवसाला दर किलो वजनामागे १३० मिलिलिटर देतात. सहा किलोच्या बाळाला याप्रमाणे ७८० मिलिलिटर, म्हणजे ५८५ किलोकॅलरी मिळतात, आणि दर दोन तासांनी पाजायचे असल्याने एका वेळी ६५ मिलिलिटर. याला उपासमार म्हणणाऱ्याने निदान हा गुणाकार तरी करायला हवा होता. रात्रीचे पाजणे चुकले तर पहाटे साखर उतरते. परिचारिका आईला रात्री पुन्हा पुन्हा उठवतात त्यामागचे कारण हेच आहे.

दुप्पट आहाराच्या दाव्यात मात्र थोडे तथ्य आहे, आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. एचआयव्हीमुळे वजन घटलेल्या मुलाला ५० ते १०० टक्के जादा ऊर्जा लागू शकते, असे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. पण ही गरज वाढीच्या टप्प्यातली आहे. भूक परतल्यावर एफ-१०० हे जास्त ऊर्जेचे दूध किंवा शेंगदाण्यापासून बनवलेले उपचारात्मक अन्न दोन-तीन दिवसांत हळूहळू वाढवत नेऊन ती भागवली जाते. ज्या मुलाची भूक शाबूत आहे आणि ज्याला दुसरी गुंतागुंत नाही, त्याला असे अन्न घरीही देता येते. ते मूल कोणते हे तपासणीने ठरते. संदेश लिहिणाऱ्याने दुसऱ्या टप्प्यातली गोष्ट उचलून पहिल्या दिवसावर लादली आहे.

आता सहा महिने औषध थांबवण्याविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या तीव्र कुपोषणावरील मार्गदर्शक सूचनांमध्ये हे स्पष्ट लिहिले आहे की चयापचयातील गुंतागुंत आणि जंतुसंसर्ग आटोक्यात आल्यावर शक्य तितक्या लवकर एआरटी सुरू करावी. त्याची खूण म्हणजे भूक परतणे आणि तीव्र सूज ओसरणे. औषधे आणि त्यांची मात्राही इतर एचआयव्हीबाधित मुलांसारखीच ठेवावी, असे त्याच सूचना सांगतात. म्हणजे थांबायचे असलेच तर ते मूल स्थिरावेपर्यंत, गुटगुटीत होईपर्यंत नव्हे. आणि ज्याचे औषध चालू आहे त्याचे घरच्या घरी बंद करण्याचा तर प्रश्नच उद्भवत नाही. दक्षिण आफ्रिकेत तान्ह्या बाळांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लवकर उपचाराने मृत्यू ७६ टक्क्यांनी घटले होते. ती बाळे तीव्र कुपोषित नव्हती, हे मी लपवत नाही, पण वाट पाहण्याची किंमत त्यातून कळते. विषाणू मोकाट असेपर्यंत जुलाब, ताप आणि क्षय खाल्लेले अन्न अंगी लागू देत नाहीत, त्यामुळे ‘आधी वजन’ ही अटच पुष्कळदा पुरी होत नाही. युगांडातल्या कंपाला येथील मुलागो रुग्णालयातल्या तीव्र कुपोषित मुलांच्या अभ्यासात चरबीतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरक ज्यांच्यात फार कमी होते ती मुले अधिक दगावली. लेप्टिन कमी म्हणजे अंगातली चरबी संपत आलेली, आणि असा साठा संपलेल्या मुलाकडे सहा महिने नसतात.

साखर आणि चरबीचा मुद्दा मुख्यतः जुन्या औषधांपुरता खरा आहे. स्टॅव्ह्युडिनने हातपायांची आणि गालांची चरबी झडत असे, आणि म्हणूनच ते २००९ पासून मागे घेण्याची शिफारस झाली. लोपिनाव्हिरने रक्तातली चरबी वाढते. आता मुलांसाठीही डोल्युटेग्रॅव्हिर पहिल्या पसंतीचे आहे. दुष्परिणामांची शंका असेल तर तपासणी करून औषध बदलता येते.

लोहाचे टॉनिक सुरुवातीला देऊ नये. मोकळे लोह जंतूंना पोसते, म्हणून ते वजन वाढू लागल्यावर देतात. भरलेले दिसणे ही पुष्कळदा सूज असते, आणि ती उतरताना काट्यावरचे वजन घटते, तेव्हा घाबरून औषधाला दोष देऊ नये.

नावे कळवण्याच्या आवाहनाला मात्र कोणीही प्रतिसाद देऊ नये. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार विश्वासाने कळलेली अशी माहिती संमतीशिवाय उघड करता येत नाही, आणि सेविकेला किंवा आशाताईला ती विश्वासानेच कळलेली असते. ज्या आईने औषध थांबवले आहे तिने ते पुन्हा सुरू करण्यासाठी आजच एआरटी केंद्रात जावे, बाळाचे ताजे वजन करून मात्रा ठरवून घ्यावी, कारण वजनाबरोबर मात्रा बदलावी लागते; आणि ऊसतोडीला गुजरातेत जायचे असेल तर निघण्याआधी तिथल्या केंद्रात नोंद वर्ग करून घ्यावी. ही औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात.