‘बाँड फेम’ लिहायचं आता बंद करा ना राव

परत तेच. कुठलाही ब्रिटिश नट गेला, कुणाला कसलं अवॉर्ड मिळालं, की बातमीत पहिलं काय, तर ‘जेम्स बाँड फेम’. माणसाने उभं आयुष्य नाटकात घासलं असेल, त्याचं कुणाला काही नाही, बाँडमध्ये दहा मिनिटं दिसला ना, मग झालं, तीच त्याची ओळख. आणि आमच्या ऑफिसात एक महाशय आहेत, डबा उघडला की सुरू, "बाँडमध्ये घेतलं म्हणजे टॉपलाच पोचला की तो." टॉप? कसला टॉप? डोकंच फिरतं माझं.

बाँड म्हणून गाजलेला शॉन कॉनरी घ्या. २०२० मध्ये गेला तेव्हा जिकडेतिकडे सूट आणि बो-टायवाला तोच एक फोटो. अरे, त्याला आयुष्यात एकच ऑस्कर मिळालं आणि ते ‘द अनटचेबल्स’मधल्या शिकागोच्या म्हाताऱ्या आयरिश पोलिसासाठी. आणि ‘द मॅन हू वुड बी किंग’ (१९७५) कुणी बघितलाय का? सोबत मायकल केन, शिवाय आपला सईद जाफरी, आणि काय काम केलंय जाफरीने! त्यात कॉनरी आधी फाटका सोल्जर, मग राजा, मग लोकांनी डोक्यावर घेतलेला देव, आणि ते देवपण खरंच डोक्यात गेलेला माणूस, सगळं एकाच पिक्चरमध्ये करतो. बाँडमध्ये काय, तर रुबाबात चालायचं आणि गोळ्या झाडून झाल्या की एखादी शाब्दिक कोटी मारायची. तो स्वतः त्या रोलला वैतागला होता हो, पण आपण काही सोडत नाही त्याला.

कबीर बेदीचं तर अजूनच भारी. १९७६ मध्ये ‘सांदोकान’ या टीव्ही सिरियलने इटलीत लोकांना वेड लावलं होतं, तिथे तो खराखुरा स्टार होता. आणि १९८३ च्या ‘ऑक्टोपसी’मध्ये काम काय दिलं? मोठी पगडी घालून व्हिलनच्या मागे उभं राहायचं, मुठीत फासे चुरायचे आणि शेवटी विमानावरून पडायचं. पण आपल्याला कौतुक कशाचं, तर त्याचंच, कारण ते बाँड!

ख्रिस्तोफ वॉल्ट्झ. टॅरंटिनोच्या दोन पिक्चरमध्ये दोन ऑस्कर, समोर नुसता बसून दूध प्यायला तरी घाम फुटतो असला नट. त्याला ‘स्पेक्टर’ या बाँडपटात ब्लोफेल्ड, म्हणजे बाँडचा जुना व्हिलन, केला आणि मग काय, तर तो बाँडच्या लहानपणीचा मानलेला भाऊ निघतो, संध्याकाळी सातच्या सिरियलमध्ये निघतो तसा. २०१५ मध्ये आपल्या सेन्सॉरने त्यातले किस कापले तेव्हा केवढा दंगा झाला, संस्कारी बाँड वगैरे जोक्स किती दिवस फिरले, पण एवढा नट वाया घालवला त्यावर कोण बोललं?

डायरेक्टर सॅम मेंडिस आणि कॅमेरामन रॉजर डीकिन्सचं ‘स्कायफॉल’ हे बाँडपट चांगलंय, ते मान्य, शांघायच्या बिल्डिंगमधली ती निऑनसमोरची काळ्या सावल्यांची फाइट कितीही वेळा बघेन मी. पण डीकिन्सला तेव्हा ऑस्कर नाही मिळालं, ते मिळालं ‘ब्लेड रनर २०४९’ला, तेही चौदाव्या नॉमिनेशनला, आणि मग मेंडिसबरोबरच्याच ‘१९१७’ला. म्हणजे तीच जोडी बाँडच्या बाहेर आली आणि अजून वर गेली.

आणि ज्यांनी खरंच जीव ओतला तिथे, त्यांची नावं विचारा की त्या महाशयांना. सेट डिझायनर केन ॲडम माहितीये? नाही. १९६७ च्या ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’साठी त्याने पाइनवुड स्टुडिओत अख्ख्या ज्वालामुखीचा सेट उभा केला, आत रॉकेट, चालणारी मोनोरेल, वरून हेलिकॉप्टर उतरतंय, खर्च साधारण दहा लाख डॉलर, म्हणजे पाच वर्षांपूर्वी पहिला अख्खा बाँड जेवढ्यात झाला जवळपास तेवढा. आज जगात कुठल्याही पिक्चरमध्ये व्हिलनचा अड्डा दाखवतात ना, तो ह्या माणसाचा आहे. ऑस्कर मिळाली दोन, एकही बाँडसाठी नाही.

जॉन बॅरी तर कहर. अकरा बाँडपटांचं म्युझिक, ते ब्रास वाजलं की अंगावर काटा येतो, बाँडचा निम्मा रुबाब त्यानेच उभा केलाय असं माझं स्पष्ट मत आहे. पाच ऑस्कर, आणि बाँडसाठी साधं नॉमिनेशनसुद्धा नाही! एकसुद्धा! आणि बाँडची ती मूळ ट्यून ज्याची, तो माँटी नॉर्मन, त्याने ती नायपॉल यांच्या त्रिनिदादमधल्या भारतीय कुटुंबाच्या कादंबरीवरच्या म्युझिकलसाठी केली होती, तिथून उचलून इकडे आणली. ती ट्यून स्वतःचीच आहे हे सिद्ध करायला बिचाऱ्याला २००१ मध्ये कोर्टात उभं राहायला लागलं.

१९७७ च्या ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’मध्ये बाँड कड्यावरून स्की करत थेट हवेत जाऊन पॅराशूट उघडतो ना, थिएटरमध्ये शिट्ट्या कुणाला, तर तेव्हाच्या बाँडला, रॉजर मूरला. उडी मारली स्टंटमन रिक सिल्व्हेस्टरने, कॅनडात बॅफिन बेटावर, खरीखुरी. आणि स्टंटवाल्यांसाठी ऑस्करला विभागच नव्हता इतकी वर्षं, आता कुठे २०२७ च्या पिक्चरपासून सुरू करतायत.

म्हणजे ज्यांचं बेस्ट काम तिथे नाही त्यांना आपण बाँडवाले म्हणून आयुष्यभर चिकटवून ठेवतो, आणि ज्यांचं बेस्ट तिथेच आहे ते टायटल्समध्ये वर सरकत जातात आणि आपण पार्किंगला पळतो.

आता पुढचा बाँडपट डेनी व्हिलन्यूव्ह डायरेक्ट करतोय. २०२५ मध्ये बातमी आली त्या दिवशी त्याच महाशयांचं सुरू, "आता खरा मोठा डायरेक्टर झाला तो." अहो काका, ‘इन्सेन्डीज’ बघितलाय? ‘अरायव्हल’? नाही ना? मग आधी ते बघून या, तोपर्यंत निदान डबा तरी शांतपणे खाऊ द्या मला.