कमिटवरचं नाव

तिला विचारूनच हे लिहितेय. तिचं नाव देत नाही, प्रोजेक्टचंही नाही.

माझी एक मैत्रीण पारलिंगी आहे. ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा एका ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये आम्ही दोघी सहा वर्षं बरोबर आहोत. मी मराठी भाषांतर बघते, ती कोड लिहिते. गेल्या वर्षी ती नोकरी शोधत होती. एका मुलाखतीत विचारलं, "ओपन सोर्समध्ये काही केलंय का?" तुम्ही-आम्ही असतो तर लगेच लिंक पाठवली असती. तिला ते जमेना, कारण पहिली चार वर्षं तिथे जुनं नाव आहे. लिंक दिली तर अनोळखी माणसांना पहिल्याच भेटीत आपलं सगळं सांगत बसायचं, नाही दिली तर चार वर्षांचं काम पाण्यात. ती म्हणाली, "फारसं काही नाही." रात्री फोनवर हे सांगताना तिचा आवाज अगदी सपाट होता. रडली असती तर बरं, असं मला वाटलं.

तेव्हापासून "आम्ही फक्त कोड बघतो, माणूस कोण याच्याशी देणंघेणं नाही" हे वाक्य मला ऐकवत नाही. म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, बहुतेकांना मनापासून तसंच वाटतं. पण गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, प्रत्येक कमिटला, म्हणजे नोंदवलेल्या प्रत्येक बदलाला, नाव आणि ईमेल मागतं! शिवाय ते नंतर पुसता येत नाही, कारण कमिटचा हॅश, म्हणजे त्याची ओळख असलेला लांबलचक क्रमांक, ज्या मजकुरावरून निघतो त्यात नावही असतं. एका जुन्या कमिटवरचं नाव बदललं की त्याचा हॅश बदलतो आणि त्याच्या पुढच्या प्रत्येकाचा बदलतो. आवृत्त्यांना लावलेले टॅग, लोकांनी घेतलेल्या प्रती, सगळं विस्कटतं. इतिहास असा घट्ट विणलेला असणं ही गिटची ताकद आहे, माझी तक्रार त्याबद्दल नाही.

तक्रार वेगळी आहे. त्याच गिटमध्ये डॉट मेलमॅप नावाची साधी फाइल ठेवायची सोय आहे. एका ओळीत नवं नाव, नवा ईमेल आणि जुना ईमेल लिहायचा, बस्स. जुनं नाव लिहावंही लागत नाही. इतिहासाला हात लागत नाही, फक्त दाखवताना नवं नाव दिसतं. २०१९ मधल्या २.२३ आवृत्तीपासून इतिहास दाखवणारी 'गिट लॉग' आज्ञा ही फाइल न सांगता वाचते. उपाय पुरता नाही हे मान्य. जुन्या ईमेलमध्येच पुष्कळदा जुनं नाव असतं, आणि कमिटच्या संदेशातली साइन्ड-ऑफ-बायची, म्हणजे सहीची, ओळ तशीच राहते. तरी एवढं तरी करा, म्हणून तिने ती एक ओळ पाठवली.

त्या एका ओळीवर तीन आठवडे चर्चा चालली. एका जुन्या सदस्याने लिहिलं, "इथे राजकारण नको." मी ती फाइल उघडून पाहिली. त्यात आधीपासून एक नोंद होती. लग्नानंतर आडनाव बदललेल्या एका बाईंची. ती टाकली तेव्हा कोणी चकार शब्द काढला नव्हता. मी तेवढंच चर्चेत लिहिलं.

मोठमोठ्या प्रोजेक्टांनाही हे उमगायला वेळ लागला. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, सही करून कोड द्यायची पद्धत २००४ साली आली. आदल्या वर्षी एससीओ कंपनीने लिनक्समधल्या कोडवरून आयबीएमवर खटला भरला होता, त्यामुळे कोणता कोड कुणाकडून आला याची नोंद हवी होती. कारण रास्तच होतं. पण नियमात शब्द पडले 'खरं नाव'. खरं म्हणजे कुठलं? ज्या नावाने सगळे हाक मारतात ते, की आधारवरचं? आपल्याकडे प्रतिज्ञापत्र, राजपत्र, मग आधार, पॅन, बँक, दहावीचं प्रमाणपत्र असं एकेक दार ठोठवत जावं लागतं. तोवर माणसाने पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवायचाच नाही का? २०२३ मध्ये कर्नलने ती ओळ बदलली. आता निनावी चालत नाही, पण लोकांना माहीत असलेली ओळख चालते. कोड कुणाचा हे कळतंय, काम तर तेवढंच होतं! मधे २०१८ च्या सप्टेंबरमध्ये कर्नलने कोरलाइन अॅडा एम्के या पारलिंगी प्रोग्रॅमरने लिहिलेली आचारसंहिता स्वीकारली. त्याच महिन्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाबद्दल निकाल दिला. तो महिना मी विसरणार नाही.

आणि तैवानमधली पारलिंगी प्रोग्रॅमर व्यक्ती, ऑड्री टँग. २००५ मध्ये पर्ल ६ या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी हॅस्केल या दुसऱ्या भाषेत 'पग्ज' नावाचं प्रोजेक्ट सुरू केलं आणि कमिटचा हक्क सढळ हाताने वाटला. आधी आत घ्यायचं, विश्वास टाकायचा. त्याच वर्षी टँगने नाव बदललं, आणि काम चालू राहिलं. २०१६ मध्ये तीच व्यक्ती तैवानच्या मंत्रिमंडळात गेली.

माझ्या भाषांतराच्या कामातही हे रोज समोर येतं. 'अमुक सामील झाला' लिहिलं की आपण समोरच्याला न विचारता पुरुष ठरवलं. 'झाला/झाली' अशी तिरकी रेघ मारली तर वाचायला खडबडीत, आणि दोन्हींत न बसणारी माणसं बाहेरच. पण मराठीने वाट ठेवली आहे. 'अमुकने प्रवेश केला' म्हणा. 'ने' लागला की क्रियापद प्रवेशाच्या मागे जातं, माणसाच्या नाही. प्रवेश केला, नोंद केली, उत्तर दिलं. प्रत्येक वाक्यात जमत नाही, पण मी गेले काही महिने एकेक वाक्य असं बदलत बसलेय. कुणी सांगितलं म्हणून नाही, तिच्यामुळे.

मेलमॅपची ती ओळ शेवटी स्वीकारली गेली. त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली होती. लॅपटॉप उघडून तिने कुणाचे किती कमिट ते दाखवणारी 'गिट शॉर्टलॉग' आज्ञा चालवली. सकाळपर्यंत तिथे तिच्या दोन ओळी होत्या, जुन्या नावापुढे २१४ आणि नव्या नावापुढे ६१. आता एकच ओळ होती. २७५, आणि तिचं नाव. तिने पडदा साफ केला आणि तीच आज्ञा पुन्हा टाइप केली.