पिवळा सूट आणि सहा आठवडे

मालिकेच्या मध्यांतराआधीचा भाग म्हणजे प्रेक्षकाला नुसतं टांगून ठेवणं, असं एका लेखात वाचलं. मला नाही पटत. 'द फ्लॅश' या अमेरिकन सुपरहिरो मालिकेच्या पहिल्या सीझनचा नववा भाग घ्या. अमेरिकेत तो ९ डिसेंबर २०१४ ला दाखवला आणि त्यापुढचा थेट २० जानेवारीला. सहा आठवडे!

आम्ही दोघे भाऊ फोंड्याला घरी लॅपटॉपवर बघत होतो. समोरच्यांच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, नाताळचा तारा लागलेला. आणि शेवटी डॉ. वेल्स, म्हणजे फ्लॅश झालेल्या बॅरीचा व्हीलचेअरवरचा गुरू, एका गुप्त खोलीत जातो, समोर बॅरीच्या आईच्या खुन्याचा तोच पिवळा सूट, आणि घोगऱ्या, थरथरत्या आवाजात 'मेरी ख्रिसमस' म्हणतो. अंगावर सर्रकन काटा आला. आईने जेवायला दोनदा हाक मारली, तरी कोणी उठेना.

पण मला त्याहून जास्त लागला तो तुरुंगातला प्रसंग. त्या खुनासाठी नाहक कैदेत असलेल्या, काचेपलीकडच्या बाबांसमोर बॅरी रडतो, आणि आईच्या खुन्याचा पिच्छा सोड, असं बाबाच त्याला समजावतात. बाबांचं काम करणारा जॉन वेस्ली शिप १९९० च्या मालिकेत स्वतः फ्लॅश होता, त्यामुळे जुन्या फ्लॅशनेच नव्याला धीर दिल्यासारखं वाटतं. हे टांगून ठेवणं नव्हे हो. त्या सहा आठवड्यांत आम्ही मागचे आठही भाग पुन्हा काढून बघितले. वेल्सचं चालता न येणं हे सोंग आहे, तो व्हीलचेअरवरून उठतो, ते तर पहिल्याच भागात दाखवलंय!