खुलासा: डॉ. माधुरी कानिटकर ‘पहिल्या’ नव्हेत, म्हणून काय कमी?

लातूर-नांदेडच्या नीटवाल्या पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: डॉ. माधुरी कानिटकर या लष्करातल्या पहिल्या महिला लेफ्टनंट जनरल आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या पहिल्या महिला कुलगुरू. दोन्ही चूक.

तो हुद्दा आधी मिळाला डॉ. पुनीता अरोरा यांना, 2004 साली. त्याच वर्षी पुण्याच्या एएफएमसीची, म्हणजे लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाची, सूत्रंही त्यांच्याकडे आली. तीन तारे, म्हणजे तिन्ही दलांत लेफ्टनंट जनरलच्या तोडीचा हुद्दा, मिळवणाऱ्या महिलांत कानिटकर तिसऱ्या. आणि नाशिकच्या या आरोग्य विज्ञान विद्यापीठात डॉ. मृदुला फडके आधीच कुलगुरू होऊन गेल्या.

खरी कारकीर्द मेसेजात आलीच नाही. कानिटकर मुलांच्या किडनीविकारांच्या तज्ज्ञ. ज्या एएफएमसीत शिकल्या तिथंच पुढं डीन झाल्या, 2020 मध्ये लेफ्टनंट जनरल, 2021 मध्ये कुलगुरू. पती राजीव हेही लेफ्टनंट जनरल. दोघंही लेफ्टनंट जनरल, हा ‘पहिलं जोडपं’वाला मान मात्र खरा, नेमका तोच मेसेजवाल्यांनी गाळला!

‘मॅडमना अर्ज करा, अ‍ॅडमिशन होईल’ ही मेसेजातली शेवटची ओळ तर सरळ दिशाभूल. अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज असो की संभाजीनगरचं, म्हणजे घाटी, एमबीबीएसची परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची. राज्य कोट्यातला प्रवेश मात्र सीईटी सेलचा, म्हणजे राज्य सरकारच्या प्रवेश कक्षाचा.