चिऱ्याचं घर आणि चार अँटेनांचा राउटर

गेल्या महिन्याभरात तिघांनी एकच प्रश्न विचारला: "घरी फायबरचं इंटरनेट घेतोय, मोडेम-राउटर सगळं एकातच असलेला कुठला घेऊ?" प्रत्येकाशी फोनवर अर्धा अर्धा तास बोललो. आता एकदाच नीट लिहितो, कारण या प्रश्नात मी स्वतः पैसे घालवले आहेत.

आमचं घर गोव्यात, डिचोली तालुक्यात. आजोबांच्या वेळचं, चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं), मातीत बांधलेलं. पुढे सोपा, मग राजांगण (घराच्या मधलं अंगण), त्यापलीकडे देवघर, स्वयंपाकघर आणि अगदी मागे एक खोली. भिंती जवळजवळ दीड फूट जाड. फायबरची जोडणी ठरली तसा मी दुकानात गेलो आणि म्हणालो, "सगळं असलेला द्या." चार अँटेनांचा डबा मिळाला, वर मोठ्या अक्षरांत 'मोडेम राउटर'. घरी येऊन उघडला तर त्यातला मोडेम डीएसएलचा, म्हणजे जुन्या तांब्याच्या टेलिफोन लाइनसाठीचा. फायबरच्या वायरीचा तो हिरवा कनेक्टर लावायला त्यात जागाच नाही. खोका उघडला म्हणून दुकानदार परत घेईना. "लाइन कुठली आहे?" एवढा एक प्रश्न त्याने विचारायला हवा होता. त्याचा राग मला आजही आहे.

फायबरवर मोडेमचं काम ओएनटी करतं. कंपनीचा माणूस भिंतीवर लावून जातो तो पांढरा डबा. वायरीतून येणारा प्रकाश तो विजेच्या सिग्नलमध्ये बदलतो. त्याचा सीरियल नंबर कंपनीच्या यंत्रणेत नोंदलेला असतो, त्यामुळे बाजारातून दुसरा आणून लावला म्हणून तो आपोआप चालत नाही. लँडलाइन असेल तर तीही त्याच्याच टेलिफोन पोर्टमधून चालते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: तो डबा आहे तिथे राहू द्या, कंपनीला सांगून ब्रिज मोडमध्ये टाकून घ्या (म्हणजे तो फक्त सिग्नल पुढे देतो, राउटरचं काम करत नाही) आणि राउटर वेगळा, आपला स्वतःचा ठेवा. पीपीपीओईचं, म्हणजे राउटरने कंपनीच्या नेटवर्कवर लॉगिन करायचं, युजरनेम-पासवर्ड आणि व्हीलॅन (लाइनला दिलेला नेटवर्क क्रमांक) असेल तर त्याचा आकडा त्याच वेळी लिहून घ्या. तो माणूस एकदा गेला की पुन्हा फोनवर मिळणं कठीण.

आता खोक्यावरचे आकडे. 'एसी 1200' म्हणजे वायफायच्या दोन पट्ट्यांचे वेग, 2.4 गिगाहर्ट्झवरचे 300 एमबीपीएस आणि 5 गिगाहर्ट्झवरचे 867 यांची बेरीज करून वर फुगवलेला आकडा. एका फोनला हा वेग कधीच मिळत नाही. त्याहून वाईट गोष्ट मागच्या बाजूला असते. या वर्गातल्या कितीतरी राउटरचे पोर्ट फक्त 100 एमबीपीएसचे असतात. आमचा प्लॅन 200चा. लॅपटॉपला केबल लावून मोजलं की 94. सकाळी 94, रात्री 94. मी कंपनीकडे तक्रार करत राहिलो आणि दोष माझ्याच राउटरच्या पोर्टात होता. इतकं तरी कराच: खोक्यावर 'गिगाबिट' हा शब्द वॅन पोर्टासमोर (ओएनटीकडून वायर येते तो) आणि लॅन पोर्टांसमोर (घरातल्या यंत्रांसाठीचे), दोन्हीकडे शोधा. नसेल तर अँटेना दहा असल्या तरी घेऊ नका.

पण आमच्याकडे खरी गाठ भिंतींशी आहे. चवथीला सगळे भाऊ कुटुंबासह येतात, वीस-बावीस फोन एकदम घरात. गेल्या चवथीला पुतणीची ऑनलाइन मुलाखत होती. सोप्यात गणपतीवर टांगायची फळा-पानांची माटोळी बांधण्याची गडबड, म्हणून ती मागच्या खोलीत बसली. दहाव्या मिनिटाला बाहेर आली, डोळे भरलेले. "काका, आवाजच जात नाही माझा."

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी फोनमध्ये सिग्नल मोजणारं अॅप घेऊन घरभर फिरलो. सोप्यात, राउटरजवळ, उणे 45. राजांगण ओलांडून स्वयंपाकघराच्या दारात उणे 71. मागच्या खोलीत उणे 84, तेही 2.4वर, 5 गिगाहर्ट्झचं नाव यादीतसुद्धा दिसेना. हे आकडे डेसिबलचे; उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमी. 45 ते 84 म्हणजे सिग्नल जवळजवळ आठ हजारपट क्षीण झाला. त्यात पावसात ओल धरलेला चिरा लहरी आणखी शोषतो. ही भिंत कुठलाही महागडा राउटर फोडत नाही. वायफायच्या नव्या पिढीतला, वायफाय 6चा आणला तरी नाही. एकाच वेळी खूप फोन जोडलेले असतील तर वायफाय 6चा उपयोग जरूर आहे, पण तो दीड फूट चिऱ्यावरचा उपाय नव्हे.

उपाय केबल निघाला. सोप्यातून कौलांखालच्या वाशांना धरून कॅट 6 केबल (नेटवर्कची तांब्याची वायर) मागच्या खोलीपर्यंत नेली आणि तिथे साधा दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे फक्त वायफाय पसरवण्यापुरता, लावला. मागच्या खोलीत आता उणे 50च्या आसपास असतं. बिनवायरी मेश, म्हणजे एकमेकांना वायफायनेच जोडलेले डबे, घेण्याचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला होता. फ्लॅटमध्ये तो ठीक आहे, पण आमच्या घरात मेशच्या दोन डब्यांमध्येही त्याच भिंती येतात.

बाकी ज्या सुविधा मी खरंच वापरतो त्या थोड्याच. पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क, म्हणजे घरच्या कॅमेऱ्याचं नेटवर्क त्यांच्या फोनपासून वेगळं राहतं. डब्ल्यूपीए 3, म्हणजे वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत. आणि कंपनी वेळच्या वेळी अपडेट देते का, हे घेण्याआधी तिच्या साइटवर पाहायचं.

मे आणि ऑक्टोबरातल्या गडगडाटाबद्दलही सांगायला हवं. फायबरच्या काचेच्या धाग्यातून वीज येत नाही हे खरं, पण आपल्याकडे खांबावरून येणाऱ्या वायरीत बऱ्याचदा आधाराला पोलादी तार असते, आणि ॲडाप्टर तर थेट विजेच्या लाइनवरच असतो. ढग गडगडू लागले की प्लग काढा. दिवे जातात तेव्हासाठी 12 व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या, मात्र ओएनटी आणि राउटर दोघांच्या ॲडाप्टरवरचे ॲम्पिअर बेरीज करून. आईची फिजिओथेरपी आठवड्यातून दोनदा व्हिडिओवर होते, आमच्या घरी नेट बंद पडून चालत नाही.

पुतणीची दुसरी मुलाखत गणपती उठायच्या आदल्या दिवशी झाली, त्याच मागच्या खोलीत, पाऊण तास, एकदाही न तुटता. केबलच्या रिळातली बारा-तेरा मीटर वायर अजून माझ्याकडे पडून आहे. डिचोली-साखळीकडे कुणाला हवी असेल तर घरी येऊन घेऊन जा, क्रिंपिंगचं (टोकांना कनेक्टर बसवायचं) हत्यारही आहे, टोकं मी मारून देईन.