हॅमरहेड दिसला नाही तरी पैसे वसूल कसे? कोथरूडकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार कोथरूडकर,

तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री वाचली होती पण दोन ओळींत उत्तर देऊन भागणारं प्रकरण नाही, म्हणून जरा वेळ घेतला.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मालदीवच्या रासधू अटोलला, म्हणजे कड्यासारख्या गोल प्रवाळबेटांच्या समूहाला, आम्ही स्कूबा डायव्हिंगला गेलो होतो, मी, ताई, भावोजी आणि माझी भाची, त्यावर मी लिहिलं होतं. हॅमरहेड, म्हणजे हातोड्यासारख्या डोक्याचा शार्क, बघायच्या पहाटेच्या डाईव्हला तिथल्या गाईडने भाचीला नेलं नाही, मी गेले, मला हॅमरहेड दिसला नाही, आणि तरी मी लिहिलं की पैसे वसूल झाले आणि गाईडने केलं ते बरोबर केलं. त्यावर कोथरूडकरांचं म्हणणं असं की लाखभर रुपये घालून शार्क न बघता परत यायचं आणि वर कौतुक करायचं हे काही पटत नाही, पोरीकडे रीतसर ओपन वॉटरचं, म्हणजे डायव्हिंगच्या पहिल्या कोर्सचं, कार्ड असताना तिला नाही म्हणणं ही दादागिरी आहे, त्यांच्या मित्राला असंच कार्ड असताना दुसऱ्या ठिकाणी थेट तीस मीटरला नेलं आणि टायगर शार्क दाखवले, आणि शेवटी, कोकणात आपण मोरीचं, म्हणजे छोट्या शार्कचं, मटण खातो तेव्हा शार्कचा पुळका येत नाही का. तुमच्या भावालाही यंदा जायचंय आणि माझा लेख वाचून तो बिचकला, असंही तुम्ही लिहिलंय.

आधी भाचीचं, कारण तिच्याबद्दल बोललात म्हणून जास्त लागलं मला.

ओपन वॉटरचं कार्ड १८ मीटरपर्यंतचं असतं. हे कोणी लपवत नाही, कोर्सच्या पहिल्या दिवशी सांगतात. तिने थिअरी आणि पूलमधलं ट्रेनिंग पुण्यातच केलं, समुद्रातल्या डाईव्ह बाहेर जाऊन केल्या, आपल्याकडे बहुतेक जण असंच करतात. पोहायला ती उत्तम आहे, लहानपणापासून टिळक टँकला जाते. पण हॅमरहेडची डाईव्ह म्हणजे काय असतं हे जरा बघा. सूर्य उगवायच्या आधी बोट निघते, रीफच्या, म्हणजे प्रवाळाच्या खडकाच्या, बाहेरच्या अंगाला उडी मारायची आणि रीफ सोडून उघड्या समुद्रात जायचं, पंचवीस-तीस मीटरवर तरंगत थांबायचं. खाली तळ नाही, बाजूला भिंत नाही, डोळ्याला धरायला काहीच नाही, सगळीकडे तोच एक निळा रंग. आपण खाली चाललोय की वर चाललोय हे फक्त मनगटावरच्या कॉम्प्युटरवरून कळतं. नवखा माणूस अशा पाण्यात दोन मिनिटं दुसरीकडे बघत राहिला तर तेवढ्यात पाच-सात मीटर खाली गेलेला असतो आणि त्याला पत्ताही नसतो.

आता हवेचा हिशोब. वर हवेचं एक बार प्रेशर असतंच, पाण्यात दर दहा मीटरला आणखी एक बार वाढतं, म्हणजे तीस मीटरवर चार बार, म्हणजे प्रत्येक श्वासाला वरच्यापेक्षा चौपट हवा जाते. १२ लिटरचा सिलिंडर २०० बारला भरला की त्यात साधारण २४०० लिटर हवा बसते, त्यातले शेवटचे ५० बार हात लावायचे नसतात, म्हणजे उरले १८०० लिटर. शांत डायव्हर वर मिनिटाला वीसेक लिटर घेतो, तीस मीटरला ते ऐंशी होतात. घाबरलेला, हातपाय मारणारा माणूस सहज दीडपट घेतो, त्याचे होतात एकशेवीस. भागाकार तुम्हीच करा, पंधरा मिनिटं, आणि त्यात खाली जाणंही आलं, वर येणंही आलं, पाच मीटरवरचा तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉपही आला. शिवाय डायव्हिंगच्या नेहमीच्या तक्त्याप्रमाणे साध्या हवेवर तीस मीटरला वीस मिनिटांच्या वर थांबताच येत नाही, रक्तात नायट्रोजन साठतो आणि मग थेट वर येता येत नाही. त्या खोलीला काही जणांचं डोकंही जरा जड होतं, दारू प्यायल्यासारखं, आणि स्वतःला ते कळत नाही.

तर आदल्या दिवशी तिची चेक डाईव्ह, म्हणजे कितपत जमतंय हे बघायची सोपी डाईव्ह, झाली. रिसॉर्टच्या समोरचंच रीफ, बारा मीटर, शांत पाणी. मी तिच्या मागे होते. मुठी घट्ट आवळलेल्या, पायांपेक्षा हातांनीच पोहणं चाललेलं, आणि बुडबुडे एकामागून एक, मधे गॅपच नाही. वर बोटीत आल्यावर गाईडने काही लेक्चर दिलं नाही. त्याने सिलिंडरमध्ये किती बार हवा उरली ते दाखवणारं आपलं गेज आणि तिचं गेज शेजारी शेजारी धरलं. त्याचा काटा १४० वर, तिचा ७० वर. एकच डाईव्ह, तेवढाच वेळ. तो एवढंच म्हणाला की उद्या पहाटे तू येणार नाहीस, दुपारी मी तुला दुसरीकडे नेतो. तिचा चेहरा पडला, ताई थोडी चिडलीच, भावोजी तर म्हणाले जास्त पैसे देऊ, वेगळा गाईड द्या. तो नाही म्हणाला. मालदीवच्या नियमातच रिक्रिएशनल डाईव्हला तीस मीटरची मर्यादा आहे आणि डीकॉम्प्रेशन डाईव्हला, म्हणजे थेट वर न येता मधे थांबत यावंच लागतं अशा डाईव्हला, बंदी आहे, म्हणजे अनुभवी माणसालाही तिथे तीसच्या खाली नेता येत नाही, मग अठराचं कार्ड असलेल्या मुलीला त्या कडेवर कशाला नेईल तो? कस्टमरने पैसे दिलेत हे खरं. पण ते पैसे कशाचे दिले, नुसत्या बोटीचे आणि सिलिंडरचे? माझ्या मते त्यातले निम्मे पैसे त्या माणसाच्या 'नाही'चे होते. परक्या देशात, माझ्या ताईच्या एकुलत्या एका मुलीसाठी, मला तोच गाईड हवा होता.

आणि तिला शार्क दिसले नाहीत असं तुम्ही गृहीत धरलंत. दिसले. त्याच दुपारी तेरा-चौदा मीटरवर एका कड्याच्या खाली, वाळूवर, व्हाईटटिप रीफ शार्क आडवा पडला होता. दीड मीटरच्या आत-बाहेर, करडा, पंखाच्या टोकाला पांढरा ठिपका, मांजरीसारखे उभे डोळे. तोंड हळूहळू उघडत मिटत होतं आणि कल्ल्यांच्या पाच चिरा त्याच तालात हलत होत्या. शार्क पोहायचा थांबला की मरतो असं आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं, ते काही जातींना लागू आहे, ही जात तोंडाने पाणी ओढून कल्ल्यांवरून सोडते म्हणून तासन् तास पडून राहू शकते. एक बोटभर निळा क्लीनर मासा त्याच्या जबड्याच्या कडेला टोचत होता, आणि तो ढिम्म. भाचीचे बुडबुडे तेव्हा पहिल्यांदा संथ झाले, हे मी मागून बघितलं. ती डाईव्ह तिला हवा शिल्लक ठेवून संपवता आली.

आता माझी पहाटेची डाईव्ह. थांबलो, डोळे ताणले, हॅमरहेड आला नाही. लांब खाली एक ग्रे रीफ शार्क एकदा वळून गेला, बस्स. हॅमरहेड रात्री खोल समुद्रात शिकार करतात, पहाटे कधीकधी रीफच्या कडेला वरच्या थरात येतात, ऊन चढलं, वरचं पाणी गरम झालं की परत खाली जातात, आणि बुडबुड्यांच्या आवाजाने बिचकतात. म्हणून तर ती वेळ आणि ती खोली. रोज येतील असं कोणी सांगू शकत नाही, आमच्या गाईडनेही सांगितलं नव्हतं. आणि मुळात उरलेत किती? तिथे दिसणारी हॅमरहेडची जात, स्कॅलप्ड हॅमरहेड, धोक्यातल्या जीवांची जागतिक यादी ठेवणाऱ्या आययूसीएनच्या यादीत क्रिटिकली एन्डेंजर्ड, म्हणजे नामशेष व्हायच्या अगदी काठावर, आहे. २०२१ साली 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात उघड्या समुद्रातल्या शार्क आणि रे माशांची संख्या १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटल्याचं म्हटलंय. आपण एका डाईव्हला गेलो आणि तो दिसलाच पाहिजे, हा हट्ट कुणापाशी धरायचा?

पैशाचं म्हणाल तर मालदीवने तो हिशोब फार आधी मांडलाय आणि मला तो फार आवडतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे अभ्यास झाला होता, त्यात निघालं की डाईव्ह साईटवरचा एक जिवंत ग्रे रीफ शार्क वर्षाला ३,३०० डॉलर मिळवून देतो आणि तोच मासा पकडून विकला तर कोळ्याला एकदाच ३२ डॉलर मिळतात. वर या जातीला साधारण वर्षभराच्या गर्भारपणानंतर एक ते सहा पिल्लं होतात, म्हणजे एकदा साफ केलेलं रीफ लवकर भरून येत नाही. १९९८ मध्ये त्यांनी सात पर्यटन अटोलच्या आसपास शार्क पकडायला दहा वर्षं बंदी घातली आणि २०१० मध्ये सगळ्या देशाच्या पाण्यात. तुम्ही-मी 'दिसले तर दिसले' म्हणून जे पैसे देतो त्यांच्या जोरावर रीफ शार्कवरची ही बंदी टिकते. म्हणून वसूल म्हटलं मी. अगदी मनापासून.

तुमच्या मित्राच्या टायगर शार्कबद्दल. ठिकाणाचं नाव तुम्ही दिलं नाहीत पण वर्णनावरून फुवाहमुला वाटतंय, मालदीवचंच बेट, अगदी दक्षिणेला, विषुववृत्ताच्या पलीकडे. तिथे बंदराजवळ मासळीचा टाकाऊ भाग वर्षानुवर्षं पाण्यात जातो, त्यामुळे टायगर शार्क तिथे सतत असतात, आणि डाईव्हच्या वेळीही ट्यूनाची डोकी दगडाखाली ठेवून त्यांना जवळ आणतात. याने शार्कच्या सवयी किती बदलतात यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही, तिथल्या लोकांची पोटं त्यावर आहेत, आणि तिथे शार्क मारले जात नाहीत ही मोठी गोष्ट आहे, त्यामुळे सरसकट वाईट मी म्हणणार नाही. पण मला स्वतःला आमिष दाखवून बोलावलेला शार्क बघायचा नाही. आणि तीन-चार मीटर लांबीच्या, खाण्याच्या वासावर आलेल्या प्राण्यासमोर, तीस मीटरवर, ज्याला अजून स्वतःचं तरंगणं सांभाळता येत नाही असा माणूस नेणं हे तर मला अजिबात मान्य नाही. शार्क माणसं खातो म्हणून नव्हे, २०२४ मध्ये अख्ख्या जगात विनाकारण झालेले हल्ले फक्त ४७ नोंदले गेले. भीती त्या माणसाची वाटते, तो घाबरून एकदम वर निघाला तर फुप्फुसं फाटू शकतात. मित्र सुखरूप आला याचा आनंद आहे. सुखरूप आला म्हणून नेणं बरोबर ठरत नाही.

मोरीचं. गणेश पेठेतल्या बाजारात किंवा मालवणला आपण जी हातभर मोरी घेतो ती बहुतेक वेळा एक छोटी जात असते, ती वर्ष-दोन वर्षांत वयात येते आणि तिला पिल्लंही बरीच होतात. हॅमरहेडला वयात यायलाच कितीतरी जास्त वर्षं लागतात. दोन्ही एकाच मापाने मोजू नका. माझ्या सासरी मोरीचं मटण होतं आणि घरातले आवडीने खातात, मी त्यांना कधी नावं ठेवली नाहीत, रापणीवर जगणाऱ्या माणसाला तर मुळीच ठेवणार नाही. पण परातीत हातोड्याच्या आकाराच्या डोक्याची पिल्लं दिसली तर ती घेऊ नका, एवढं मी जरूर सांगेन. व्हेल शार्कला आपल्याकडे २००१ पासून वाघाइतकंच कायद्याचं संरक्षण आहे, शार्कच्या पंखांची निर्यात २०१५ मध्ये बंद झाली, म्हणजे आपल्याकडेही कोणीतरी विचार करतंच आहे.

आता तुमच्या भावाचं, कारण त्याने जाणं रद्द करू नये असं मला फार वाटतं. जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान जा, पाणी स्वच्छ असतं. त्या मोसमात प्रवाह पूर्वेकडून येतो त्यामुळे अटोलच्या पूर्वेकडच्या चॅनलच्या, म्हणजे रीफमधून पाणी आत-बाहेर जातं त्या वाटेच्या, तोंडाशी ग्रे रीफ शार्क जमतात, पण तिथे करंट जोरदार असतो, तिथे अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स केल्यावरच. अ‍ॅडव्हान्स्ड म्हणजे पाच डाईव्ह, त्यात डीप आणि नेव्हिगेशन आलंच, तिथेच जाऊन करता येतो. तोवर अठरा मीटरच्या आत व्हाईटटिप आहेत, आणि ब्लॅकटिपची पिल्लं तर किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात फिरतात, सिलिंडरही लागत नाही. बुकिंगच्या आधी फोनवर विचारा की चेक डाईव्ह घेता का, एका गाईडमागे किती जण, आणि ओपन वॉटरवाल्याला कुठे नेत नाही. शेवटच्या प्रश्नाला जो पटकन सरळ उत्तर देईल त्याच्याकडे जा. डायव्हिंगचा वेगळा इन्शुरन्स काढा, आणि शेवटच्या डाईव्हनंतर विमानाआधी किमान १८ तास मोकळे ठेवा. मुंबईची फ्लाईट सकाळची असेल तर आदला पूर्ण दिवस डाईव्ह नाही.

आणि एक विनंती. मित्राकडे त्या डाईव्हचा कॉम्प्युटर लॉग असेल तर जास्तीत जास्त खोली किती, आणि बोटीत चढला तेव्हा सिलिंडरमध्ये किती बार होते, एवढं विचारून इथेच लिहा. मग पुढे बोलू.