पान्याला पाइप लावला म्हणून नट टिकत नाही

इंजिन बसवलेल्या सायकलींबद्दलचा एक मेसेज सध्या मालवण-कुडाळकडे ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. मला चौघांनी पाठवला. म्हणणं असं: नट सुटतात ते ढिले आवळल्यामुळे. म्हणून पान्याला पाइप लावून जीव खाऊन आवळा, प्रत्येक नटाखाली स्प्रिंग वायसर घाला, आट्यांत सुपरग्लू सोडा, इंजिन आणि फ्रेमच्या मध्ये जुन्या ट्यूबची पट्टी द्या आणि खाऱ्या हवेसाठी सगळे बोल्ट स्टेनलेसचे करा. मग म्हणे पुन्हा पाना हातात धरायला नको.

हे वाचून पाइप लावणाऱ्यांची इंजिनं शेवटी माझ्याच दुकानात येतात, म्हणून लिहितोय.

मुळात बोल्ट म्हणजे स्प्रिंग. आवळताना तो केसभर ताणला जातो आणि परत आखडायला बघतो, त्या ओढीने दोन भाग दाबून धरले जातात. पान्यावर लावलेल्या जोरातला साधारण दहावा हिस्साच या ताणाला मिळतो, बाकीचा आट्यांच्या आणि नटाखालच्या घर्षणात जातो. आट्यांना तेल लागलेलं असेल तर घर्षण घटतं आणि तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. आता पाइपाचा हिशोब करा. 8.8 दर्जाच्या (हा बोल्टच्या मजबुतीचा आकडा) 6 मिमी बोल्टला साधारण 10 न्यूटन-मीटर पीळ पुरतो, म्हणजे 15 सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकाला सातेक किलोचा जोर. तोच जोर 60 सेंटीमीटरच्या पाइपाने लावला की पीळ चौपट झाला. तेवढ्या पिळाने बोल्ट तुटतो. अ‍ॅल्युमिनियमच्या केसिंगमध्ये (इंजिनाच्या कवचात) तर बहुतेक वेळा त्याआधीच आटे जातात. इंजिनाच्या किटासोबत येणारे स्टड, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेले बिनडोक्याचे बोल्ट, 8.8 चेही नसतात, मऊ लोखंडाचे असतात. ताणून लांब झालेला स्टड परत आखडत नाही, आणि ओढ संपली की नट सुटायला मोकळा. मग मुलगा दारात: "काकानू, नट परत सुटलो!" सुटणारच. आवळताना तूच स्टडचा जीव काढलास.

नट खरा सुटतो तो दोन भाग एकमेकांवर आडवे घसरल्यामुळे. 1969 साली गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने यंत्रावर हे दाखवून दिलं. आडव्या हादऱ्यांत भाग घसरू लागले की नट आपोआप उलटा फिरत जातो. स्प्रिंग वायसर तिथे जवळजवळ काही करत नाही, नट नीट आवळला की तो चपटा होऊन साधा वायसरच उरतो. ट्यूबच्या पट्टीचंही तेच. रबर दबत राहतं, बोल्टचा ताण उतरतो आणि इंजिन फ्रेमवर सरकू लागतं. पट्टी काढा, फ्रेमच्या नळीवरचा रंग खरवडा, इंजिनाची बैठक कानस मारून नळीला नीट बसवा.

सुपरग्लू तापलं की सोडतं, आणि इंजिन तर तापणारच. त्याऐवजी निळा थ्रेडलॉक, म्हणजे आटे धरून ठेवणारा चिकट द्रव, घ्या. तो हवा नसलेल्या जागी, धातूला लागूनच घट्ट होतो, म्हणून आधी आटे पेट्रोलने धुऊन कोरडे करा. लाल थ्रेडलॉक लावलात तर पुढच्या वेळी 250 अंशांपर्यंत तापवल्याशिवाय बोल्ट हलणार नाही. सायलेन्सरच्या स्टडना मात्र यातलं काहीच चालत नाही. नायलॉनवाला नटही नाही, त्याचं नायलॉन 120 अंशांच्या पुढे ढिलं पडतं. तिथे संपूर्ण धातूचा लॉकनट लावा किंवा दोन नट एकमेकांवर आवळा. आणि हे स्टड मुळात कशामुळे तुटतात, ते मेसेजमध्ये कुठेच नाही. सायलेन्सरचं सगळं वजन त्या दोन स्टडांवर लोंबकळतं. त्याची शेपूट एका पट्टीने फ्रेमला बांधा, निम्मा त्रास तिथेच संपतो.

खाऱ्या हवेबद्दल मेसेजवाल्याची तक्रार खरी आहे. आपल्या हवेत साधा बोल्ट एका पावसाळ्यात तांबूस होतो. पण उपाय चुकलाय. बाजारात मिळणारा ए2-70 दर्जाचा स्टेनलेस बोल्ट 8.8 पेक्षा कमजोर असतो, 640 च्या जागी 450 मेगापास्कल ताणालाच कायमचा लांबतो. शिवाय स्टेनलेस, अ‍ॅल्युमिनियम आणि मिठाचं पाणी एकत्र आलं की बॅटरीच तयार होते. त्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. आट्यांत पांढरी भुकटी धरते, आणि मे महिन्यात सहज फिरणारा बोल्ट गणपतीत केसिंगचे आटे घेऊन बाहेर येतो. मडगार्डला स्टेनलेस खुशाल लावा. इंजिनाला जस्ताचा मुलामा दिलेला 8.8, आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं) ग्रीस आणि मग जोर थोडा कमी. जिथे ग्रीस तिथे थ्रेडलॉक नाही, दोन्ही एकत्र लावून काही उपयोग नाही.

हेडचे, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणाचे, नट घाटात थांबून गरम इंजिनावर आवळणारेही आहेत. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे गरम असताना नट घट्टच लागतो आणि इंजिन गार झालं की ताण उतरतो. इंजिन पूर्ण गार होऊ द्या, समोरासमोरचे नट आलटून पालटून आवळा, आणि नव्या इंजिनाला पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर हे पुन्हा करा. (एक आठवण: 25 सीसीच्या वर गेलात की कायद्याने ती सायकल राहत नाही, मोटार वाहन होते. '80' म्हणून विकलं जाणारं इंजिन 66 सीसीचं असलं तरी त्यात येतंच.)

पाना पुन्हा धरावा लागणार, त्याला इलाज नाही. मी प्रत्येक नटावरून खालच्या धातूपर्यंत नेलपॉलिशची एक रेघ ओढतो. रेघ तुटलेली दिसली की नट हलला. सायलेन्सरपाशी नेलपॉलिश जळून जातं, तिथे पाना लावूनच बघावं लागतं, तेही गार झाल्यावर.